अर्धं अंडं

नोर्यांगजिन या परीक्षार्थींच्या वस्तीतल्या भाताच्या गाडीवर तव्यात एकच अंडं उरलं होतं आणि त्यासाठी दोघांनी एकदम चमचा पुढे केला होता. बाहेर ओला बर्फ भुरभुरत होता. सोदामनं हात मागे घेतला. समोरच्या मुलानं अंडं खुशाल आपल्या भातावर ठेवलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. काय मेला हावरट, ती मनात फणफणली.

दुसऱ्याच दिवशी कळलं, तिनं ज्या जेवणाच्या गटात नाव दिलं होतं त्यातला दुसरा माणूस हाच. पोलीस भरतीसाठी खोली घेऊन एकटी राहणारी मुलं तिथं असे गट करतात. जेवायचं सोबत, पण घरचं काही विचारायचं नाही आणि प्रेमात तर मुळीच पडायचं नाही. कुणी नियम मोडला की गट संपला. त्याचं नाव इनग्यू, एवढंच तिला ठाऊक झालं.

"तुम्ही दोघं जेवता की मौन पाळता?" गाडीवरची मावशी चिडवायची. सोदामला मात्र ते मौन हवंहवंसं वाटू लागलं होतं. तिला मुळा आवडत नाही हे त्यानं न विचारता ओळखलं होतं. तिच्या भाताच्या कपातल्या मुळ्याच्या फोडी तो गुपचूप स्वतःकडे ओढून घ्यायचा.

त्या साली सोदाम लेखी परीक्षेत पास झाली, धावण्यातही झाली. इनग्यू लेखीतच अडकला. आता तिची होय-नाहीच्या प्रश्नांची मनाची चाचणी तेवढी राहिली होती. सरावाचे प्रश्न विचाराल का, म्हणून तिनं एका दुपारी त्याला गळ घातली. हा तर अभ्यासच, नियमात बसत होता.

"मला कधीच रडू येत नाही. होय की नाही?" तो वाचू लागला.

"होय."

"मला कशाचीच भीती वाटत नाही?"

"होय."

"मला कुणाचीही गरज भासत नाही?"

"हो... होय."

इनग्यूनं चमचा खाली ठेवला. "नापास व्हाल तुम्ही."

तिला राग आला. पण तो शांतपणे सांगत राहिला. गेल्या वर्षी चाचणीपर्यंत तोही पोचला होता आणि त्यानंही असंच सगळीकडे शूर होऊन ठोकून दिलं होतं. तेच प्रश्न पुढे फिरवून आले आणि तो अडकला. "तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, या उत्तरांत माणूसच सापडत नाही." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही रडता ना? रोज डोळे सुजलेले असतात..."

नियम मोडला होता. सोदामनंही मग सांगून टाकलं. अभ्यासिकेत फोन कुलपात ठेवावा लागतो. आई गेली त्या दिवशी तिचाही तिथंच होता. संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ती नळ सोडून रडायची, भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये म्हणून.

"हे त्यांना कळलं तर मला कमजोर म्हणतील."

"मला कळलं," इनग्यू म्हणाला. "मी नाही म्हणत."

चाचणीच्या दिवशी तिनं रडण्यापुढे खरं तेच लिहिलं. भीतीच्या प्रश्नापाशी पेन बराच वेळ अडलं, आणि मग तिथंही तिनं खरंच लिहिलं. निकाल काहीही लागो, आज तिला हलकं वाटत होतं.

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर इनग्यू भाताचे दोन कप घेऊन गारठत उभा होता. ते बसथांब्याच्या बाकावर बसले. परीक्षा संपली की माणूस खोली सोडून गावी जातो, हे दोघांनाही माहीत होतं.

"भीतीचं काय लिहिलंत?" त्यानं विचारलं.

"वाटते, असं."

"कशाची?"

सोदाम कपातल्या भाताकडे पाहत राहिली. "उद्यापासून... तुझ्याशिवाय जेवायची."

त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं आपल्या भातावरचं अंडं चमच्यानं मधोमध तोडलं आणि मोठा तुकडा तिच्या कपात ठेवला.

"त्या दिवशीच द्यायचं होतं," तो म्हणाला. "पण धीर झाला नाही."