धरलीय

बसा रे. शटर अर्धं ओढा, वारा आत येतोय. समुद्राच्या या वाऱ्याला मी माझा भागीदार म्हणतो. तो लोकांच्या पत्र्यांचे स्क्रू खातो, मी नवे विकतो. हसा, हसा.

गेल्या वर्षी वादळ आलं, ती शनिवारची रात्र. दुकान बंद करतोय तोच धाकटा दारात. दोघे भाऊ पत्रे ठोकायचे. थोरला वर, धाकटा खाली दोरी धरून. वरून हाक यायची, "धरलीस?" खालून उत्तर, "धरलीय." एकदा धाकट्यानं तसं म्हटलं, पण हातात दोरी नव्हती, मोबाईल होता. थोरला गेला. धाकटा पुन्हा छपरावर चढला नव्हता.

"मग आज कशाला मरायला जातोस?" मी म्हणालो.

"काका, किनाऱ्यावरच्या बंगल्यातल्या ताई फोनवर रडतायत. पत्रा उचकटतोय, नेमका खाली साहेबांचा पलंग. मशीनवर श्वास चाललाय, हलवता येत नाही. दुसरं कुणी यायला तयार नाही."

स्क्रू दिले. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

दोरीचं एक टोक स्वतःच्या कमरेला. दुसरं मागच्या पायरीवर ताईंच्या हातात. छपराचं आढं, म्हणजे वरचा कणा, ओलांडून तो समुद्राच्या बाजूला उतरला. पत्र्याची एक कड दाबली. दुसरी पार टोकाला, दोरीवर लटकल्याशिवाय हात पोचेना. तेवढ्यात आत काहीतरी कोसळलं. "अहो!" म्हणत ताई घरात धावल्या.

दोरी सैल पडली.

"ताई… धरलीय का?"

नुसता वारा.

"ताई?"

दोरी ताठ झाली. सावकाश.

आढ्यापलीकडून आवाज आला. "धरलीय रे, धाकट्या."

अशी हाक त्याला एकच माणूस मारायचा.

खरंच धरली असेल? की… त्या दिवशी धाकट्यानं खोटं म्हटलं होतं, तसंच?

खालच्या खोलीतून ताई किंचाळल्या, "दादा, लवकर करा हो! पाणी मशीनवर पडतंय!"

पत्रा उचलला जात होता. धाकट्यानं डोळे मिटले. सगळं वजन दोरीवर टाकलं.

…

स्क्रू बसला. साहेब वाचले.

तो खाली आला. पायरीवर कुणी नव्हतं. दोरी पडली होती, चिंब भिजलेली. फक्त टोकाशी दोन मुठींएवढी जागा…

घरात ठेववेना, म्हणून मला आणून दिली. ती बघा, त्या खुंटीवर. काल माझंच छप्पर गळलं, पत्रे विकणाऱ्याचं! सगळी भिजलीय.

जा ना. टोकाला हात लावून बघ.

…

कोरडं आहे ना?