घड्याळजी आणि पाव किलो मश्रूम

पिशवीचं बूड फाटलं आणि पाव किलो मश्रूम जिन्यावरून घरंगळत थेट खालच्या घड्याळाच्या दुकानात शिरले. वरच्या मजल्यावर राहणारी ती धापा टाकत मागोमाग. बघते तर घड्याळजी उकिडवा बसून एकेक उचलतोय... आणि घड्याळातली धूळ झाडायच्या मऊ ब्रशनं त्यांची माती झटकतोय!

"अहो, राहू द्या! मी स्वच्छ धुऊन घेईन."

"धुऊन?" त्यानं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "कशाला बिचाऱ्यांना अंघोळ? पोटभर पाणी पितात आणि मग तव्यावर रडत बसतात."

ती लॅबमध्ये रक्त तपासणारी, दिवसातून पन्नासदा हात धुणारी. दादा तर तिला साबणवडीच म्हणायचा. पण आज ती त्या बोटांकडे बघतच राहिली. इतक्या हलक्या हातानं कुणी काही धरताना तिनं पाहिलंच नव्हतं. काय हात होते ते!

"कागदी पिशवीत घाला, तोंड उघडं ठेवा आणि फ्रिजमध्ये ठेवून द्या," तो म्हणाला. "प्लास्टिकमध्ये घाम फुटतो त्यांना."

झालं! दर शनिवारी घरी मश्रूम येऊ लागले आणि साफ व्हायला खाली जाऊ लागले.

"ब्रश विकतही मिळतो म्हणे," दादा म्हणाला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार महिन्यांनी बदलीचं पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबची प्रमुख! शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. ते पद तिला मनापासून हवं होतं. हा माणूसही हवा होता, आणि ह्यानं तर मश्रूमपलीकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"आज भाजूनच दाखवा," म्हणत शनिवारी ती त्याला वर घेऊन आली. दादा बाहेरच्या खोलीत पेपर उघडून, कान टवकारून बसला.

तवा तापला. त्यानं काप सुटे सुटे पसरले. ती लगेच कालथा घेऊन सरसावली.

"अं हं! ढवळायचं नाही. मीठ शेवटी. आधी पाणी सुटून आटू दे, मग छान रंग येतो."

"अजून किती वेळ?"

"घाई आहे?"

"आहे! पाचपर्यंत कळवायचंय..." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. शेवटी विचारलं, "जाऊ का मी?"

त्यानं एक काप उलटून रंग पाहिला.

"जा," तो म्हणाला.

तिनं कालथा खाली ठेवला.

"जा म्हणजे... पुढे व्हा. मी दुकान आवरून महिन्याभरात येतो. घड्याळं काय, सगळीकडेच बंद पडतात." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणजे, तुम्हाला आवडणार असेल तर. लॅबला आज कळवा. मला सावकाश कळवलंत तरी—"

"सावकाश मला काही जमत नाही," ती म्हणाली. "हो!"

लॅबला कळवायला अजून तासभर बाकी होता.