आय ॲम कमिंग

"ताई, तू पाहुण्यांसमोर बोलूच नकोस... इंग्रजीत तर मुळीच नको!"

स्वयंपाकघरात धाकट्या भावाचे हे शब्द कानांवर पडले आणि ताईनं हातातल्या कपबशा ओट्यावर ठेवून दिल्या. आईबाबांमागे ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, ज्याच्या शिक्षणापायी स्वतःची शाळा सोडून शिवणयंत्राला जुंपून घेतलं, त्यानंच आज तिचं तोंड बंद करावं? अन् असं केलं तरी काय होतं हो तिनं! सकाळच्या चहाला आलेल्या त्याच्या साहेबानं इंग्रजीत विचारलं, हा लहानपणी कसा होता? ती कौतुकानं म्हणाली, "ही ईट माय हेड डेली!" रोज माझं डोकं खायचा, एवढंच ना सांगायचं होतं? साहेब खो खो हसला आणि भाऊ ओशाळला.

मिरवायला का ती इंग्रजी शिकत होती? भावानं परभाषेतली बायको केली. तिला मराठीचा गंध नाही. एका छपराखाली राहून दोघींनी नुसत्या माना हलवायच्या, हे ताईच्या मायाळू जिवाला कसं सोसावं! म्हणून आपलं शिवणाचं दुकान लवकर बंद करून ती स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाई, आरशापुढे एकटीच पुटपुटे. भावजय मात्र तिचं मोडकंतोडकं बोलणं जिवाचे कान करून ऐकायची. एकदाही हसली नव्हती बिचारी!

पाहुणे गेले. ताईनं चार कपडे पिशवीत भरले. आपली अडचण कशाला? दुकानामागची खोली तिला पुरेशी होती. दारात भावजयीनं इंग्रजीतून विचारलं, ताई, कुठे निघालात? स्वयंपाकघरातल्या भावाच्या त्या मराठी बोलण्यातलं अक्षरही तिला कळलं नव्हतं.  घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं, ही जिभेची जुनी सवय...

"आय ॲम कमिंग," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

तिन्हीसांजेला भाऊ दुकानात आला तो धापा टाकतच.

"ताई, चल गं घरी! ती सकाळपासून उपाशी बसलीय. मी म्हटलं, ताई रागावून गेली, आता येणार नाही. तर माझ्यावरच उखडली! म्हणते, ताई 'कमिंग' म्हणाल्यात. त्या खोटं बोलत नाहीत. ताट वाढून दाराकडे डोळे लावून बसलीय..."

ताईच्या हातातली कात्री तशीच राहिली. "अगं बाई! मी आपलं 'येते' म्हणाले रे..."

"कळलं मला," तो तिच्या पायाशी बसला. "शाळेच्या फाटकाशी मला सोडून जाताना तू हेच म्हणायचीस. मी रडायचो. पण तू यायचीस ताई... रोज यायचीस! आणि मी आज तुला..." त्यानं लहान मुलासारखं तिच्या कुशीत तोंड लपवलं. ताईचा सगळा राग डोळ्यांवाटे वाहून गेला.

"ऊठ वेड्या, पोर तिकडे उपाशी आहे! आणखी डोकं नको खाऊस माझं."

घराच्या दारातच भावजय उभी होती. ताईला पाहताच तिचा जीव भांड्यात पडला. घरात कानांवर पडून जमलेले चार मराठी शब्द तिनं धीर करून जुळवले, "ताई, मी खूप भूक लागला!"

भाऊ चूक सुधारायला तोंड उघडणार, तोच ताईनं डोळे वटारले. "खबरदार! मला सगळं कळलं."

मग पिशवी खाली ठेवून तिनं भावजयीला छातीशी धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आय ॲम केम!"

 डोळे पुसत भाऊ आणखी दोन ताटं घ्यायला वळला.