चौदा दिवस

शाल्मली परत येणार नाही हे कळलं, त्या दिवशी ती जिवंत होती आणि यान धडधाकट होतं. लघुग्रहावरच्या वेधशाळेचं काम संपवून ती एकटी निघाली होती. वाटेत यानाच्या सौर शिडाची दोरी अडकली आणि अकरा दिवस शिड वळलं नाही. ती तिनं स्वतः बाहेर जाऊन सोडवली. मग तिच्या नवऱ्याने, मुकुंदने, मार्ग पुन्हा मांडला. यानांचे मार्ग आखणं हीच त्याची नोकरी. यान पृथ्वीपाशी पोचत होतं, पण थांबता येईल इतकं सावकाश नाही. पृथ्वीशी पुढची गाठ चार वर्षांनी. अन्न नऊ महिन्यांचं.

तो सासऱ्यांना सांगायला गेला. अण्णा तावड्यांनी तीस वर्षं आंबोली घाटात एसटी चालवली होती.

“मग ब्रेक मारायला सांग तिला.”

“ब्रेक म्हणजे शिडच, अण्णा. किलोमीटरभर लांब-रुंद, पण त्यावर उन्हाचा रेटा जेमतेम किलोभर वजनाएवढा. वर्षभर रोज थोडाथोडा वेग उतरवायचा. बुडालेले दिवस एकदम भरून निघत नाहीत.”

“दुसरी गाडी पाठवा.”

“तीही शिडाचीच. पोचायला दीड वर्ष.”

“आम्ही डेपोतून निघताना स्टेपनी बघायचो, जावईबापू. तुम्हा शहाण्यांना सुचलं नाही?”

“असते. राखीव दिवस म्हणतात. शिड बंद पडलं तरी मार्ग चुकू नये म्हणून जादा दिवस धरतात. नियम विसाचा. इथे सहाच होते.”

“कुणी कमी केले?”

“चौकशी होईल.”

त्यानेच केले होते. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तारीख ठरली होती आणि वीस दिवस धरले तर शाल्मली समारंभानंतर नऊ दिवसांनी पोचत होती. तिला न विचारता त्याने आकडा बदलून सही केली होती.

अण्णा म्हणाले, “पुरवून खाईल ती. चिवट आहे. माझा समारंभ पुढं ढकल. एक्याऐंशीचा झालो काय नि पंच्याऐंशीचा झालो काय.”

शाल्मलीने नऊ महिन्यांचं अन्न अकरा महिने पुरवलं. शिड अजून रोज ठरल्याप्रमाणे वळतं आहे. यान वेळेवर येईल.

चौकशीत मुकुंदने सही कबूल केली. कारण विचारल्यावर हिशेबात चूक झाली म्हणाला. ते ऐकून अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “चूक माणसाकडूनच होते,” म्हणाले.

ते चौदा दिवस कशासाठी कमी केले, हे त्याने अण्णांना अजून सांगितलेलं नाही.