विहिरीतली तुळस

"कुदळी खाली ठेवा. देवी प्रकटली हाय," सोसायटीचे चेअरमन सुंदररावअण्णा विहिरीच्या काठावरून गरजले, तशी केशर धावत काठाशी आली.

दुष्काळात सोसायटीनं खोदायला घेतलेली ही एकच विहीर. तिला पाणी लागलं नाही, तर येत्या बाजारात चंद्री म्हैस विकायची, असं घरी ठरलं होतं. आणि आज फोडलेल्या पिवळट दगडाच्या पोटात निघाली काळी तुळस. खोड, फांद्या, पानं, सगळं कसं रेखल्यासारखं! अण्णांनी नारळ फोडला आणि तिथंच देऊळ जाहीर करून टाकलं. देवळाचे अध्यक्षही तेच, हे वेगळं सांगायला नको.

"आता देवीच पानी देईल," अण्णा म्हणाले.

"कुठून? काम तर बंद केलं," केशरचा चुलतभाऊ मुंजाजी पुटपुटला.

शाळेला सुट्टीच होती. केशर मुंजाजीला आणि शेजारच्या बन्सीला घेऊन विहिरीबाहेरच्या ढिगाऱ्यावर चढली. बन्सीनं एक थराथरांचा दगड आपटला. तो फाकला, तर आत तुळस. दुसरा फोडला, त्यातही तुळस.

"लई देव्या हायत बे मुंजा," बन्सी म्हणाला.

केशरनं नखानं खरवडलं. काळी पूड निघाली. म्हणजे हे झाड नव्हतंच, डाग होता. मग तिला शाळेतल्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या पाट्या आठवल्या आणि ती घराकडे पळत सुटली.

संध्याकाळी आरतीला सगळा गाव जमला. केशरनं एका पाटीवर ओलं कुंकू थापलं, दुसरी पाटी वरून दाबली आणि सगळ्यांसमोर ओढून काढली. दोन्ही पाट्यांवर लाल झाडं उमटली.

"बघा अण्णा, फटीत ओल शिरली की अशी झाडं होत्यात. या दगडातबी पानीच शिरलं व्हतं. तुमी पान्याच्या वाटंवर देऊळ बांधायलात."

तेवढ्यात मुंजाजी आणि बन्सीनं घमेलंभर दगड अण्णांच्या पायाशी ओतले. "यांचीबी देवळं बांधा. न्हाईतर रुसतील."

गाव खो खो हसला. अण्णा टोपी काढून डोकं खाजवत बसले. शाळेच्या गुरुजींनी एक दगड उचलून न्याहाळला. "पोरगी बरोबर बोलतेय. जुन्या तळ्यात चुनखडीचा गाळ थराथरानं बसला, त्याचा हा दगड झाला. मग पाण्याबरोबर मँगनीज फटींत झिरपलं, त्याची ही नक्षी. ते पाणी फार जुनं, आज असेलच असं नाही. पण खोदल्याशिवाय कळणार कसं?"

अण्णांचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी कुदळी पुन्हा चालल्या, आणि तिसऱ्या प्रहरी एका फटीतून गढूळ पाण्याची धार लागली. केशरची आई तर रडायलाच लागली.

"शाबास पोरी," अण्णा केशरच्या घरी येऊन म्हणाले. "फकस्त एक कर. मोठी झालीस म्हंजी सोसायटीच्या निवडणुकीत माज्यापुढं उभी राहू नको."

केशर तोवर विहिरीकडे निघालीही होती. चंद्रीची बादली रिकामी झाली होती आणि ती अजून मागत होती.