कोणत्या कलमाखाली?

झाई गावच्या यतीनची खिरणीची रोपं इतकी चिवट, की रोप खाल्लेली बकरी उभ्या जागी रुजायची. खोटं वाटत असेल तर बकरीला विचारा.

सरकारी रोपवाटिकेला चिकूची कलमं बांधायला खुंट म्हणून तीच खिरणी हवी होती. पण एकट्या यतीनकडून घ्यायची, तर दुसरा कुणी नाही हे दाखवायला हवं. ते तपासायला डहाणूच्या कृषी कार्यालयातली श्रुतिका आली, नि फाटकातच पाइपचं पाणी तिच्या ओढणीवर...

"सॉरी हं. मला वाटलं, बकरी आली," यतीन म्हणाला.

"मी बकरी दिसते?"

"नाही... पण तीही अश्शीच रागानं बघते."

श्रुतिकानं हसू दाबलं. "खरेदी कोणत्या कलमाखाली करायची, ते ठरवायचंय."

"या मोठ्या कलमाखाली बसू की," त्यानं जुन्या चिकूकडे बोट दाखवलं. "सावली गार आहे."

मग ती उधव्याला गेली, तलासरीला गेली. सगळीकडे खिरणी काडीएवढी. कलम बांधायला पेन्सिलीएवढी तरी जाड हवी. आणि परतीची वाट दर वेळी वाकडी होऊन झाईवरूनच जायची. वाटेचा दोष, दुसरं काय.

एकट्याकडूनच खरेदी का, याचं समर्थन लिहून झालं. अक्षर न् अक्षर खरं. फक्त शेवटच्या ओळीशी तिचं पेन अडलं : 'या पुरवठादाराशी माझा कोणताही हितसंबंध नाही.'

सही केली तर खोटं. नाही केली तर खरेदी अडणार, हंगाम जाणार, यतीनची रोपं पडून राहणार.

"काय गं, कर की सही," मनोरमा मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या साहेब.

"मॅडम, वरचं सगळं खरंय. ही एक ओळ... नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कधीपासून?"

"ओढणी भिजली तेव्हापासून."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणजे सरकारला आधी कळलं." त्यांनी फाइल ओढून घेतली. "तुषार सगळं नव्यानं तपासेल. तू यातून बाहेर."

तुषार म्हणजे कार्यालयातला महाखडूस. देवाकडेही पोच मागेल असा. तोही गावोगाव काड्या मोजून आला, आणि खरेदी मंजूर झाली ती यतीनकडचीच.

त्या संध्याकाळी श्रुतिका झाईच्या फाटकात उभी राहिली. यतीन पाणी घालत होता.

"फाइल तुषारकडे का गेली, मॅडम? माझं काही चुकलं?"

"माझा हितसंबंध निघाला."

"कुणाशी?"

तिनं सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं. पाइप त्याच्याच पायांवर वाहू लागला...

"पण... दुसरा कुणी नाही, हे तपासलंत?"

"मावशीनं तीन स्थळं आणली होती. काडीएवढी."

"मग मी मंजूर? कोणत्या कलमाखाली?"

तिनं त्याचा ओला हात धरला नि जुन्या चिकूकडे मान वळवली. "त्याच. चल आता."

बरं झालं, वेळेवर ओढला. पाण्यात आणखी थोडा उभा राहता, तर तोही तिथंच रुजला असता.