विकतचं, फुकटचं आणि शनिवारची दुपार

जुन्या वस्तूंच्या दुकानात, त्या छोट्याशा काळ्या संगणकावर दोन हात एकदमच पडले. एक लोकरी हातमोज्यातला, दुसरा उघडा, थंडीनं लालबुंद झालेला.

"मी आधी पाहिला होता," आइला म्हणाली.

"पाहिला असेल. उचलला मी."

तिनं मान वर केली. समोरच्याच्या दाढीत बर्फाचे कण अडकले होते, वितळू की नको अशा विचारात असल्यासारखे. डोळे मात्र हसत होते.

"तुम्हाला कशाला हवाय हा?" त्यानं विचारलं.

"बाबांच्या जुन्या व्हिडिओ फिती आहेत. नाचाच्या, गाण्यांच्या… सगळ्या यात भरायच्या, म्हणजे आई तिकडे लांब टूसॉनला मावशीच्या घरी बसून टीव्हीवर बघू शकेल." ती थांबली. "बाबा नाहीत आता."

त्यानं हात काढून घेतला.

"घ्या. पण सॉफ्टवेअर कुठलं टाकणार? विकतचं की फुकटचं?"

"विकतचं. एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही."

"अरेरे! स्वतःच्याच घरातल्या फिती बघायला दर वेळी इंटरनेटवरून कंपनीच्या दारात नाव सांगायचं? फुकटचं घ्या. कुणाला विचारायला नको, काही नको."

"फुकट ते पौष्टिक, असंच ना?"

तो इतक्या मोठ्यानं हसला की गल्ल्यावरची बाई चमकून बघायला लागली. "मी मालवाहू जहाजावर असतो. सरोवराच्या मध्यावर इंटरनेट कुठलं? तिथं फुकटचंच मला सोबत करतं. मी नील्स. हवं तर लावून देतो… शनिवारी?"

आइलाला खरं तर नाहीच म्हणायचं होतं. तिच्या आधीच्या जोडीदारानं, कर्टिसनं, असंच सगळं लावून दिलं होतं. दिवे, कुलपं, गाणी, सगळं त्याच्या फोनवर चालायचं. तो घर सोडून गेला तेव्हा आठवडाभर स्वयंपाकघरातला दिवासुद्धा तिला लावता येईना. कुणावर एवढं विसंबायचं नाही, असं तिनं त्या अंधारात ठरवलं होतं.

"शनिवारी चालेल," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

सरोवरकाठच्या डलूथचा तो हिवाळा लांबलचक होता. जहाजं गोदीत बर्फात रुतून निजली होती, आणि त्यांच्याबरोबर नील्सलाही सुट्टी होती. शनिवारी तो आला तेव्हा खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, सावकाश, आवाज न करता. दोघं जमिनीवर मांडी घालून बसली. पडद्यावर एकेक फीत उमटू लागली. मग अचानक खोलीभर अकॉर्डियनचे सूर पसरले. बाबा! डोळे मिटून, पायानं ठेका धरत वाजवणारे बाबा. आणि त्यांच्या मागे, टेबलावर चढून नाचणारी पाच-सहा वर्षांची आइला.

तिच्या गालावरून पाणी ओघळलं. नील्स उठला, स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ कॉफी करत राहिला. परत आला तेव्हा कप तिच्या हातात देत हळूच म्हणाला, "छान नाचायचीस."

नाचायचीस… 'तुम्ही' गळून पडलं होतं. दोघांनाही ते कळलं, दोघांनीही कळलं नाहीसं दाखवलं.

पुढे दर शनिवारी काहीतरी निघायचंच. कधी आईच्या टीव्हीवर चित्र दिसे पण आवाज नसे, कधी तिथवरची जोडणीच बंद. नील्स यायचा, बाहीवर बर्फ घेऊन. तिचे व्हायोलिनचे विद्यार्थी दुपारी गेले की ती आरशात बघून केस उगाचच सोडायची, उगाचच बांधायची.

एकदा आईचा फोन आला. "अगं, आज सगळं व्यवस्थित चाललंय."

"बरं झालं."

"हो ना? मग आवाज का पडला तुझा?"

आइलानं घाईघाईनं निरोप घेतला. फोन ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. सरोवराच्या काठचा बर्फ तडकायला लागला होता. काही दिवसांत जहाजं निघतील. आणि आपण? आपण मनातल्या मनात बिघाडाची वाट बघतोय! तो कशासाठी येतो — माझ्यासाठी, की त्या डब्यासाठी? आणि मला तरी नक्की कोण हवंय… दुरुस्त करणारा, की नील्स?

पुढच्या शनिवारी नील्स आला तेव्हा पडद्यावर सगळं वेगळंच दिसत होतं. नेटकं, चकचकीत.

"हे काय?"

"विकतचं घेतलं. माझं मीच लावलं. आईलाही फोनवर सांगितलं, तिचं तिनं केलं."

तो दारातच उभा राहिला. टोपी हातात चुरगळत. "म्हणजे… माझी गरज संपली."

"हो, गरज संपली." तिनं नजर हलवली नाही. "आता बघायचंय, गरजेशिवाय काय उरतं."

बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. नील्सच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"एक सांगू? तो आवाजाचा घोळ… दहा मिनिटांचं काम होतं."

"तू संध्याकाळपर्यंत बसला होतास!"

"तू बाजूला बसली होतीस ना," तो म्हणाला. "मला फुकटच्याचं कौतुक आहे गं, खोटं नाही. पण शनिवारी इथं यायला काहीतरी निमित्त लागायचं. ते आज तू काढून घेतलंस. आता निमित्ताशिवाय बोलायचं म्हणजे…"

"म्हणजे?"

"आइला, मला तू आवडतेस. फार."

ती पुढे झाली आणि तिनं त्याच्या ओल्या कोटावर कपाळ टेकवलं.

आठवड्यानं त्याचं जहाज निघालं. जहाजांसाठी वर उचललेल्या पुलाखालून ते सरकत गेलं तेव्हा भोंग्याचा खोल आवाज तिच्या छातीत घुमला. मग धुकं आलं, दिवसच्या दिवस. ती मुलांना शिकवायची, आईबरोबर फोनवर बोलता बोलता बाबांच्या फिती बघायची. सगळं सुरळीत चालू होतं, एकदाही अडलं नाही. आणि तरी घर कसं रितं रितं वाटायचं…

एका पहाटे, धुक्यातच, दारावर थाप पडली. नील्स उभा होता. अंगाला खनिजाच्या धुळीचा वास, डोळ्यांत जागरण. जहाज माल भरायला बंदरात लागलं होतं. दुपारी परत निघायचं होतं.

"अरे, झोपायचं सोडून इकडे कुठे? इथं तर काहीच बिघडलेलं नाही," ती म्हणाली.

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणूनच आलो."